ढगांबाहेरचे पंधराशे तास

मुंबईहून दिल्लीला निघालेल्या एअरबस ए-३२० मध्ये डाव्या खुर्चीत कॅप्टन असतो आणि उजव्या खुर्चीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. या सहवैमानिकाने आजवर किती तास विमान उडवलेले असावे लागते? भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला, ज्याला या क्षेत्रात सगळे सीपीएल म्हणतात, किमान २०० तास लागतात. त्यानंतर ए-३२० चे टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचे विमान उडवण्याची खास पात्रता. ते मुख्यतः सिम्युलेटरवर होते. म्हणजे बारामतीच्या किंवा गोंदियाच्या धावपट्टीवरून छोट्या विमानांत दोनशे तास पुरे केलेली मुलगी कंपनीच्या परीक्षा आणि प्रशिक्षण पार करून दीडशेहून अधिक प्रवाशांच्या विमानाच्या कॉकपिटमध्ये रीतसर बसू शकते. युरोपातही चित्र साधारण असेच आहे.

हीच मुलगी शिकागोहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या ए-३२० मध्ये मात्र उजव्या खुर्चीत बसू शकत नाही. तिथे तिच्याकडे १५०० तास मागितले जातात. विमान तेच, त्यातली बटणे तीच, कारखान्याने छापलेली चेकलिस्टही तीच. फरक तेराशे तासांचा. हा फरक अमेरिकेत २०१३ पर्यंत नव्हता. तो का आला, आणि या तेराशे तासांत वैमानिक नेमके काय शिकतो, यावर अमेरिकेत दहा वर्षांहून अधिक काळ भांडण चालू आहे.

सुरुवात २००९ च्या हिवाळ्यात झाली. १५ जानेवारीला न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून उडालेल्या यूएस एअरवेजच्या ए-३२० ची दोन्ही इंजिने पक्ष्यांच्या धडकेने निकामी झाली. कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीत उतरवले आणि आतले सर्व १५५ जण वाचले. सलेनबर्गर यांच्या नावावर तेव्हा १९,६६३ तास होते. शेजारी बसलेले जेफ्री स्काइल्स यांच्या नावावर १५,६४३. मात्र या १५,६४३ पैकी ए-३२० वरचे तास होते फक्त ३७. ही आकडेवारी वर्तमानपत्रांत फारशी झळकली नाही, पण तासांच्या हिशेबात रस असलेल्या माणसाने ती लक्षात ठेवावी अशी आहे. अनुभव या प्रकारच्या विमानाचा नव्हता, तरी उपयोगी पडला.

बरोबर २८ दिवसांनी, १२ फेब्रुवारीच्या रात्री, नेवार्कहून बफेलोला निघालेले कोल्गन एअरचे क्यू-४०० विमान क्लॅरेन्स सेंटर या गावातल्या एका घरावर कोसळले. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. उतरण्याच्या तयारीत असताना विमानाचा वेग कमी होत गेला आणि ते दोघांच्याही ध्यानात आले नाही. वेग धोक्याच्या पातळीला आला तसा कॅप्टनच्या हातातला दांडा थरथरू लागला. त्या यंत्रणेला स्टिक शेकर म्हणतात. पंखांवरून वाहणारी हवा आता सुटणार, म्हणजे विमान स्टॉल होणार, याचा तो इशारा असतो. अशा वेळी नाक खाली करून वेग वाढवायचा, हे पहिल्या दहा-पंधरा तासांतच प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवले जाते. कॅप्टनने दांडा मागे ओढला. विमानातली दुसरी स्वयंचलित यंत्रणा नाक खाली ढकलू लागली, तर त्याने तिच्याविरुद्धही जोर लावला. अपघाताची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने वर्षभराने दिलेल्या अहवालात याच चुकीच्या प्रतिसादाला मुख्य कारण ठरवले. सोबत बरेच काही होते. वेगावर लक्ष नव्हते, दहा हजार फुटांखाली कामाव्यतिरिक्त गप्पा मारू नयेत हा नियम मोडला गेला होता, आणि थकवाही होता. सहवैमानिक तरुणी आदल्या रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाहून, सिॲटलहून, रात्रभर प्रवास करून कामावर आली होती.

या दोघांचे तास? कॅप्टन ३,३७९. सहवैमानिक २,२४४.

म्हणजे ज्या अपघातामुळे पंधराशे तासांचा कायदा झाला, त्या अपघातातले दोन्ही वैमानिक हा कायदा असता तरी कॉकपिटमध्येच असते. एनटीएसबीनेही आपल्या शिफारशींत पंधराशे तास मागितले नव्हते. मागणी आली ती मृतांच्या कुटुंबीयांकडून, आणि त्यांनी ज्या चिकाटीने वॉशिंग्टनच्या खेपा घातल्या तिला तोड नाही. हडसनवरच्या प्रसंगाने देशभर माहीत झालेले सलेनबर्गर त्यांच्या बाजूने उभे राहिले. विमान वाहतुकीचे तेव्हाचे प्रशासक रँडी बॅबिट, स्वतः जुने एअरलाइन वैमानिक, काँग्रेससमोर सांगत राहिले की नुसत्या तासांनी अनुभवाची प्रत कळत नाही. काँग्रेसने ते ऐकून घेतले आणि कायदा केला. १ ऑगस्ट २०१० रोजी त्यावर सही झाली, आणि जुलै २०१३ मध्ये नियम लागू झाला.

कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणाचे लेखी रूप पुढे जाहीर झाले. त्यात या वादावरची सगळ्यात बोलकी साक्ष सापडते. अपघाताच्या काही मिनिटे आधी सहवैमानिक कॅप्टनला सांगत होती, की नोकरीला लागली तेव्हा तिच्याकडे सोळाशे तास होते, पण प्रत्यक्ष ढगांतले उड्डाण त्या सोळाशे तासांत जितके झाले नव्हते तितके कंपनीतल्या पहिल्या दिवशी झाले. पंखांवर बर्फ धरतो ते तिने तोवर पाहिलेही नव्हते. ती ॲरिझोनात विद्यार्थ्यांना उड्डाण शिकवत असे. ॲरिझोनाचे आकाश वर्षातले बहुतेक दिवस निरभ्र असते, आणि म्हणूनच जगभरचे विद्यार्थी तास भरायला तिथे जातात. बर्फ हे या अपघाताचे मुख्य कारण नव्हते, हे खरे. पण पंधराशे या आकड्यात काय मावते आणि काय मावत नाही, हे तिच्या त्या दोन वाक्यांइतके स्पष्टपणे नंतरच्या कुठल्याच चर्चेत कोणी मांडले नाही.

मुळात तास मोजायची कल्पना विमानोड्डाणाइतकी जुनी नाही. अमेरिकेत १९२६ च्या कायद्याने वैमानिकाला सरकारी परवाना सक्तीचा झाला. पहिला परवाना ऑर्व्हिल राइट यांना देऊ केला होता. त्यांनी नम्रपणे नकार दिला. मग ६ एप्रिल १९२७ रोजी क्रमांक एकचा परवाना हे परवाने देणाऱ्या शाखेचेच प्रमुख विल्यम मॅक्रॅकन यांनी घेतला. भारतात परवाना क्रमांक एक १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना मिळाला, आणि ते शिकले मुंबईच्या फ्लाइंग क्लबात. त्या काळातल्या अमेरिकी नियमात प्रवासी घेऊन उडणाऱ्या वैमानिकाला एकट्याने उडवलेले २०० तास लागत. म्हणजे आज भारतात सीपीएलला लागतात जवळपास तेवढेच. विमानांत शंभर वर्षांत केवढा बदल झाला हे पाहिल्यावर या योगायोगाची गंमत वाटते.

तास हे माप सरकारांना का आवडले असावे, हे समजण्यासारखे आहे. कौशल्य मोजायला परीक्षक लागतो, परीक्षकाच्या मतावर वाद होतो, न्यायालयात जाता येते. तास मात्र विमानातल्या मीटरवर दिसतात. छोट्या विमानांत हॉब्स मीटर असतो, तो दशांश तासात पुढे सरकतो. एक घर म्हणजे सहा मिनिटे. अमेरिकी व्याख्येनुसार विमान उड्डाणाच्या हेतूने स्वतःच्या शक्तीवर हलले की वेळ सुरू होतो आणि उतरून थांबले की संपतो. त्यामुळे टॅक्सीवेवर दहा विमानांच्या मागे वीस मिनिटे रखडले तर ती वीस मिनिटेही उड्डाणाची धरली जातात. एखादा वादळाच्या कडेने वीस मिनिटे विमान नेतो, त्याचीही नोंद तेवढीच. लॉगबुकाला फरक कळत नाही.

कायदा करणाऱ्यांना मात्र हा फरक कळत होता, आणि त्याचा पुरावा नियमांच्या पोटकलमांत आहे. अमेरिकेची शिडी बघावी. खासगी परवान्याला ४० तास, आणि त्यातही किमान २० शिक्षकासोबत व १० एकट्याने. (प्रत्यक्षात चाळीस तासांत परवाना मिळवणारे विरळाच.) नंतर इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे बाहेर काही न दिसता केवळ उपकरणांवर उडण्याची मुभा. त्यासाठी एकूण तासांची अट नाही, पण ४० तास उपकरणांवरचे आणि ५० तास स्वतः प्रमुख वैमानिक म्हणून केलेल्या क्रॉस-कंट्रीचे. क्रॉस-कंट्री म्हणजे निघाल्या ठिकाणापासून सरळ रेषेत ५० सागरी मैलांहून दूर, सुमारे ९३ किलोमीटरपलीकडे, जाऊन उतरणे. मुंबई-पुणे या हिशेबात बसते. तिसरी पायरी व्यावसायिक परवान्याची: २५० तास, मान्यताप्राप्त शाळेच्या आखीव अभ्यासक्रमातून आल्यास १९०. यात एक लांब एकट्याची सफर अनिवार्य आहे. एकूण किमान ३०० सागरी मैल, आणि एक मुक्काम निघाल्या जागेपासून किमान २५० सागरी मैलांवर. जुहूहून एकट्याने उडून नांदेडला उतरले तर ही अट जेमतेम भागते. शिवाय रात्रीचे दहा वेळा उतरणे, तेही चालू कंट्रोल टॉवर असलेल्या विमानतळावर.

शेवटची पायरी एटीपी, एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट. वय २३ पूर्ण, १५०० तास, त्यात ५०० क्रॉस-कंट्री, १०० रात्रीचे, ७५ उपकरणांवरचे, २५० प्रमुख वैमानिक म्हणून. इथे क्रॉस-कंट्रीची व्याख्या गुपचूप बदलते. पन्नास मैल दूर गेले म्हणजे झाले, उतरायची सक्ती नाही. रात्रीच्या शंभर तासांतही एक पळवाट आहे. वीस पूर्ण लँडिंगनंतर रात्रीचे प्रत्येक जादा टेकऑफ-लँडिंग एका तासाऐवजी धरता येते, अशा पंचवीस तासांपर्यंत. आणि 'रात्र' म्हणजे तरी काय? अमेरिकी नियमांत ती तीन प्रकारची आहे. दिवे लावायची रात्र सूर्यास्ताला सुरू होते. लॉगबुकातली रात्र संधिप्रकाश संपल्यावर सुरू होते. आणि प्रवासी घेऊन रात्री उडण्याची पात्रता टिकवण्यासाठी मोजायची रात्र सूर्यास्तानंतर एक तासाने सुरू होते. एकाच संध्याकाळी तीन वेळा रात्र पडण्याचा हा चमत्कार परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ करावा लागतो.

या पोटकलमांकडे पाहिले की मोठ्या आकड्यापेक्षा तीच शहाणी वाटतात. रात्र, दूरचा प्रवास, न दिसणारे क्षितिज, एकट्याचा निर्णय: माणूस कुठे घाबरतो आणि कुठे चुकतो ते कोणीतरी नीट पाहून ठेवलेले आहे. पण ५०० मध्ये १००, ७५, २५० हे सगळे एकमेकांवर चढतात. एकच तास रात्रीचा, क्रॉस-कंट्रीचा आणि प्रमुख वैमानिकाचा असू शकतो. त्यामुळे पंधराशेतले हजारच्या आसपास तास कसलेही असले तरी चालतात. वादाचा खरा विषय हे हजार तास आहेत.

ते कसे भरले जातात? बहुतेक जण शिक्षक होतात. व्यावसायिक परवाना मिळाला की शिक्षकाचे रेटिंग घ्यायचे आणि ज्या शाळेत शिकलो तिथेच शिकवायचे. विद्यार्थी दांडा धरतो, शिक्षक शेजारी बसतो, आणि तो सगळा वेळ शिक्षकाच्या नावावर प्रमुख वैमानिक म्हणून जमा होतो. म्हणजे अमेरिकेत विमान शिकवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर नुकतेच शिकलेले लोक करतात, आणि पंधराशे भरताच निघून जातात. शिकवताना शिकणे होते, यात शंका नाही. विद्यार्थ्याने ऐनवेळी केलेली चूक सावरणारा हात जितका तयार होतो तितका दुसऱ्या कशाने होत नाही. पण शिकवणे हीच प्रतीक्षा-खोली झाली की त्या खोलीची निगा कोण राखणार, हा प्रश्न उरतोच.

बाकीचे समुद्रकिनाऱ्यांवरून जाहिरातीचे फलक ओढत नेतात, तेल-वायूच्या नळांवरून गळती शोधत उडतात, पॅराशूटवाल्यांना वर नेऊन सोडतात, हवाई छायाचित्रणासाठी सरळ रेषांत येरझारा घालतात. छोट्या मालवाहू आणि चार्टर कंपन्यांत उपकरणांवर कॅप्टन म्हणून उडायला १,२०० तास लागतात, नुसत्या डोळ्यांनी उडायला ५००. तिथून शिकून आलेला माणूस वेगळाच असतो, कारण रात्री दोन वाजता, पावसात, एकट्याने, जुन्या विमानातून माल नेताना कुणी शेजारी नसते.

आणखी एक मार्ग आहे, पूर्ण कायदेशीर आणि थोडा चावट. उपकरणांवरचा सराव करायला एक वैमानिक डोळ्यांवर हूड बांधतो, म्हणजे त्याला बाहेरचे दिसत नाही. मग शेजारी डोळे उघडे ठेवणारा सेफ्टी पायलट हवाच. नियम असे लिहिले आहेत की हूडखालचा माणूस विमान चालवतो म्हणून, आणि शेजारचा विमानाची जबाबदारी घेतो म्हणून, दोघेही तोच वेळ प्रमुख वैमानिक म्हणून नोंदवू शकतात. भाडे निम्मे-निम्मे, तास जवळजवळ पूर्ण. तरुण वैमानिकांच्या जोड्या अशा फिरतात. बेकायदा काही नाही, पण दोघांच्या वह्यांत मिळून चार तास दिसतात तेव्हा आकाशात दोनच झालेले असतात.

बेकायदा मार्गही आहे. न उडता लिहिलेल्या तासांना अमेरिकी वैमानिक 'पार्कर पी-५१' वरचे तास म्हणतात. पी-५१ हे दुसऱ्या महायुद्धातले गाजलेले लढाऊ विमान, आणि पार्कर ५१ हे पेन. भारतात हा विनोद २०११ साली महागात पडला. त्या जानेवारीत गोव्यात एक प्रवासी विमान पुढच्या चाकावर उतरले. विमान मागच्या चाकांवर आधी टेकवायचे असते. कोणी जखमी झाले नाही, पण विमानाच्या नाकाचे नुकसान झाले आणि भारताच्या विमान वाहतूक नियामकाने, डीजीसीएने, वैमानिकाची कागदपत्रे तपासली. एटीपीएलच्या, म्हणजे भारतातल्या एटीपी परवान्याच्या, परीक्षेचे गुणपत्रकच बनावट निघाले. मग हजारो परवान्यांची छाननी सुरू झाली. त्याच सुमारास राजस्थानात उड्डाण-प्रशिक्षणाशी संबंधित लोकांना, प्रत्यक्ष न उडता तास लिहून दिल्याच्या आरोपाखाली, अटक झाली. तपासाची पद्धत साधी होती. वहीत उड्डाण आहे त्या दिवशी ते विमान खरोखर उडाले होते का, एवढेच पाहायचे.

तास आणि सुरक्षितता यांचा संबंध लावण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. पॉल क्रेग यांनी २००१ मध्ये खासगी वैमानिकांच्या अपघातांचा अभ्यास पुस्तकरूपाने मांडला आणि ५० ते ३५० तासांचा टप्पा सर्वांत जीवघेणा ठरवला. शिक्षक सोबत नाही, आत्मविश्वास भरपूर, आणि प्रसंग अजून आलेले नाहीत, असा तो काळ. हा दावा पटण्यासारखा आहे, पण त्यात एक गोम आहे. मुळात बहुतेक खासगी वैमानिक याच टप्प्यात असतात, म्हणून अपघातही त्याच टप्प्यात जास्त दिसणार. पुढे अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनातले संशोधक विल्यम क्नेख्त यांनी वैमानिकांची संख्या हिशेबात धरून गणित मांडले, तेव्हा धोक्याचा चढ ३५० ला संपत नाही, बराच पुढे जातो, असे दिसले. म्हणजे पंधराशेवाल्यांच्या बाजूने एक मुद्दा.

विरुद्ध बाजूने मुद्दा आला तो विद्यापीठांकडून. २०१० मध्ये प्रादेशिक विमान कंपन्यांत नव्याने लागलेल्या दोन हजारांहून अधिक सहवैमानिकांचे प्रशिक्षणातले निकाल तपासले गेले. भरतीच्या वेळी जास्त तास असलेले सरस ठरतात, असे त्यात आढळले नाही. उड्डाणशास्त्राची पदवी आणि शिक्षकाचा अनुभव असलेले, तुलनेने कमी तासांचे तरुण चांगले निघाले. नियमात पुढे याचे प्रतिबिंब पडले. विमानोड्डाणाची पदवी असलेल्याला १,००० तास, दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेल्याला १,२५०, आणि सैन्यातून आलेल्याला ७५० तासांत मर्यादित एटीपी मिळते. म्हणजे तासांची अट ठेवून तास कुठे झाले याला किंमत देणारा हा आडमार्ग. मात्र वर्गातले निकाल आणि प्रवासी घेऊन उडतानाचे वागणे यांत अंतर असते, हा आक्षेप या अभ्यासावर आहेच, आणि तो रास्त आहे.

प्रत्यक्ष अपघातांकडे वळले तर आकडे कुणाच्याच बाजूने सरळ उभे राहत नाहीत. १ जून २००९ ला अटलांटिकवर एअर फ्रान्सचे ए-३३० कोसळले आणि २२८ जण गेले. कोल्गनसारखेच, विमान स्टॉल झाले आणि नाक वर ओढलेलेच राहिले. कॅप्टनचे १०,९८८ तास होते, दोन सहवैमानिकांचे ६,५४७ आणि २,९३६. मे २०१० मध्ये मंगळुरूला एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान टेबलटॉप धावपट्टीवरून खाली गेले, १५८ मृत्यू झाले. कॅप्टनचे तास दहा हजारांहून अधिक होते. तो प्रवासाचा बराच भाग झोपला होता, आणि उतरणे सोडून परत वर घेण्याविषयी सांगत होता तो सहवैमानिक, ज्याचे तास त्याच्यापेक्षा पुष्कळ कमी होते. बोइंग ७३७ मॅक्सची जोडी तर अधिकच बोलकी. ऑक्टोबर २०१८ मध्ये पडलेल्या लायन एअरच्या विमानात सहवैमानिकाचे ५,१७४ तास होते. मार्च २०१९ मध्ये पडलेल्या इथिओपियन विमानात ३६१. या ३६१ वर अमेरिकेत पुष्कळ बोट ठेवले गेले. पण दोन्ही विमानांत नाक खाली दाबणारी एमकॅस ही यंत्रणा चुकीच्या संवेदकाच्या भरवशावर सुरू झाली होती, आणि चौदापट अनुभव असलेला सहवैमानिकही तिच्यापुढे तसाच हरला होता.

मग पंधराशेच्या कायद्याने काहीच साधले नाही का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. कोल्गननंतर जवळपास सोळा वर्षे, जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनला लष्करी हेलिकॉप्टरशी टक्कर होईपर्यंत, अमेरिकी एअरलाइन्सचा एकही मोठा जीवघेणा अपघात झाला नाही. कुटुंबीय हाच आकडा पुढे करतात. पण त्याच कायद्यातून बाकीही पुष्कळ आले. थकव्यावर आणि विश्रांतीवर नवे नियम आले. वैमानिकाच्या जुन्या नापास चाचण्या नव्या मालकाला कळाव्यात म्हणून नोंदींचे भांडार उभे राहिले. कोल्गनचा कॅप्टन आधी अनेकदा चाचणीत नापास झाला होता. आणि एटीपीच्या लेखी परीक्षेआधी एक सक्तीचा अभ्यासक्रम आला: ३० तास वर्गात, १० तास सिम्युलेटरवर, ज्यात स्टॉल आणि त्यातून बाहेर पडणे हा गाभा आहे. पुढे २०१९ पासून एअरलाइन वैमानिकांना पूर्ण स्टॉलपर्यंत सिम्युलेटरमध्ये नेऊन सराव देणे बंधनकारक झाले. क्लॅरेन्स सेंटरच्या त्या रात्रीला थेट उत्तर द्यायचे तर ते या चाळीस तासांत आहे. ॲरिझोनाच्या उन्हात भरलेल्या तासांत ते शोधत बसण्यात अर्थ नाही.

नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयकाओने, २००६ मध्ये दुसरीच दिशा धरली. मल्टी-क्रू पायलट लायसन्स, एमपीएल. यात एकूण २४० तास असतात, आणि त्यांत प्रत्यक्ष उड्डाण व सिम्युलेटर दोन्ही धरतात. पहिल्या दिवसापासून दोघांच्या कॉकपिटमधला माणूस घडवायचा, एकट्याच्या छोट्या विमानातला नाही. अमेरिकेने हा परवाना स्वीकारला नाही. तिथे रिपब्लिक एअरवेज या प्रादेशिक कंपनीने २०२२ मध्ये विनंती केली, की आमच्या शाळेतून कडक अभ्यासक्रम करून आलेल्यांना लष्करी वैमानिकांप्रमाणे ७५० तासांत घेऊ द्या. प्रशासनाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती फेटाळली. विमान वाहतुकीचा २०२४ चा कायदा होताना सिम्युलेटरच्या तासांना जास्त किंमत द्यावी असा प्रस्ताव पुन्हा आला, कुटुंबीय पुन्हा वॉशिंग्टनला गेले, आणि मे महिन्यात सही झालेल्या कायद्यात पंधराशे जसेच्या तसे राहिले. आता तो आकडा अनुभवाच्या मापापेक्षा स्मारकासारखा झाला आहे, आणि स्मारकाला हात लावायला राजकारणी सहसा धजावत नाहीत.

भारतातल्या मुलीपुढे मात्र वेगळी अडचण उभी राहते. दोनशे तासांवर ती उजव्या खुर्चीत आली, वर्षाला सात-आठशे तासांच्या गतीने दोन वर्षांत पंधराशे भरलेही. कॅप्टन व्हायला एटीपीएल हवा, आणि तिथे पंधराशे ही बेरीज पुरत नाही. आयकाओच्या नियमानुसार त्यात २५० तास प्रमुख वैमानिक म्हणून असावे लागतात. त्यांपैकी किमान ७० खरोखर तसे, आणि उरलेले देखरेखीखाली केलेले चालतात. तिच्याकडे प्रमुख वैमानिकाचे शंभरेक तास छोट्या विमानातले आहेत. बाकीचे तिला उजव्या खुर्चीतूनच मिळवायचे असतात. त्यासाठी त्या फेरीत कॅप्टनचे सगळे निर्णय तिने घ्यायचे: इंधन किती, वळसा कुठून, खराब हवामानात उतरायचे की दुसरीकडे जायचे. खरा कॅप्टन शेजारी बसून पाहतो आणि शेवटी वहीत सही करतो. ब्रिटनमध्ये याची अट अशी, की सुरक्षिततेसाठी कॅप्टनला मध्ये हात घालावा लागला, तर ती फेरी प्रमुख वैमानिकाच्या रकान्यात लिहिता येत नाही.